मुरूम, गिट्टी, सराटे

फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्धा रोडवर एका मोटारीच्या आरशाचा धक्का लागून मी सायकलवरून पडले. सकाळचे साडेसहा वाजले होते, रस्ता मोकळा होता, मी अगदी डाव्या कडेने जात होते. गाडी थांबली नाही. डावं मनगट मोडलं, गुडघा सोलला आणि पुढचं चाक वाकलं. पाणीपुरीच्या ठेल्याचं सामान घेऊन निघालेल्या एका दादांनी मला उचलून बसवलं आणि माझ्याच फोनवरून घरी फोन लावून दिला.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मनगट हळूहळू सुधारलं, दिवाळीपर्यंत चकलीचा सोऱ्याही फिरवता यायला लागला. सायकल तेवढी गॅलरीतच राहिली. दोनदा आमच्या लेआउटमध्येच चक्कर मारून पाहिली, पण मागून स्कूटीचा जरी आवाज आला तरी खांदे आपोआप कानाला लागायचे आणि ब्रेकवर बोटं इतकी घट्ट बसायची की घरी आल्यावर तळहातावर वळ दिसायचे. त्याआधी सतरा वर्षं मी सायकल चालवत होते. ती अशी सुटेल असं कधी वाटलं नव्हतं.

हात गळ्यात बांधलेला होता तेव्हा वाचण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे सायकलरस्ते कसे झाले ते मी तेव्हा वाचलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एलरॉय ते स्पार्टा हा असा पहिला मोठा रस्ता १९६७ पासून वापरात आहे, त्यावर आगगाडीचे तीन बोगदे आहेत. न्यूझीलंडमध्ये ओटॅगोची रेल्वे १९९० मध्ये बंद झाली, तिच्या जागी २००० मध्ये १५२ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. स्पेनने तर १९९३ पासून असे मार्ग शोधून त्यांना 'हिरवे रस्ते' असंच नाव दिलं. या रस्त्यांवर मोटार येत नाही आणि चढ फार सौम्य असतो. चढाचं कारण वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. लोखंडी रुळावर लोखंडी चाक म्हणजे घर्षण कमी. त्यामुळे इंजिन सपाटीवर भरपूर ओझं ओढतं, पण चढाला लागलं की चाकं घसरतात. म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी टेकडी आली की ती कापली, खोलगट भाग आला की भराव घातला. शंभर पावलांत एखादं पाऊल वर, त्याहून जास्त चढ सहसा ठेवलाच नाही. वाफेच्या इंजिनासाठी केलेले ते कष्ट पुढे सायकलवाल्यांच्या गुडघ्यांना उपयोगी पडले.

गाडी नसलेली जमीन नागपुरात कुठे मिळेल, एवढाच विचार मी तेव्हापासून करत होते.

नोव्हेंबरमध्ये मुलीने मला अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात नेलं. तलाव आमच्या ओळखीचाच. १८७० साली शहराला पाणी पुरवायला बांधलेला, शाळेच्या सहलीपासून पाहिलेला. पण आम्ही कायम बांधाच्या बाजूने जायचो, कणसं खाऊन परत यायचो. हे उद्यान पलीकडच्या अंगाला, वनविभागाच्या गवताळ जमिनीवर आहे. कार फाटकाबाहेर लावली, तिकीट काढलं आणि आत भाड्याने मिळणारी एक सायकल घेतली. जड होती ती. गिअर नव्हते, सीट फाटलेली होती. टायर मात्र माझ्या सायकलच्या दुप्पट रुंद.

आतली वाट मुरमाची. मुरूम म्हणजे काय हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या घराचा पाया मुरमावर, शाळेचं मैदान मुरमाचं, लग्नाचा मांडव पडायचा तोही मुरूम पसरून. पण त्यावर सायकल चालवताना त्याचा एक आवाज असतो, तो मी पहिल्यांदा नीट ऐकला. ज्वारीची भाकरी थापताना परातीत पीठ सरकतं तसा, बारीक आणि सतत. त्या आवाजाखेरीज दुसरं काही नव्हतं. गवत माझ्या हँडलपर्यंत वाढून वाळलेलं होतं. डावीकडे पाणी दिसायचं, मग झाडीत जायचं, परत दिसायचं. एक मोर वाटेवर होता, तो उडाला नाही, चालत बाजूला झाला.

दोन किलोमीटर गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तुझे खांदे खाली आले." मी थांबून पाहिलं. खरंच खाली आले होते.

त्या भाड्याच्या सायकलने मला दुसरीही एक गोष्ट शिकवली. मुरमावर, खड्ड्यावर, झाडाच्या मुळांवरून ती सुखाने जात होती, मनगटाला धक्का बसत नव्हता. माझी चांगली महागातली सायकल असती तर हात दुखला असता. घरी येऊन मी टायरवरचे आकडे वाचले: ७०० बाय २८, म्हणजे रुंदी २८ मिलिमीटर, आणि हवेचा दाब ८५ पीएसआय. डांबरासाठी ठीक. दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन सक्करदऱ्याकडच्या दुकानात गेले. दुकानवाल्या काकांनी चाक फिरवून, फोर्कमध्ये आणि ब्रेकपाशी किती जागा उरते ते बोट घालून पाहिलं. "चाळीसचा टायर बसते ताई. पंचेचाळीसचा मागू नका, चिखलात अडकून जाईन."

चाळीसचे टायर बसवले. हवा किती भरायची यावर मात्र मला महिनाभर प्रयोग करावे लागले, आणि या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त फरक त्यानेच पडला असं माझं ठाम मत आहे. मी पुढे ३५ आणि मागे ४० पीएसआयवर स्थिरावले. माझं वजन ६२ किलो. हवा याहून जास्त असली की खडा लागताच चाक उसळतं आणि मुरमावर पकड राहत नाही. फार कमी असली की दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. अंगठ्याने दाबून अंदाज येतो म्हणतात, मला आला नाही. मी दाब मोजायचा छोटा गेज घेतला आणि निघण्यापूर्वी रोज मोजते. माझ्या ट्यूबचा वॉल्व बारीक आहे, खेड्यातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो चालत नाही. त्यासाठी पितळेची एक टोपी मिळते, ती मी किल्लीच्या जुडग्यालाच अडकवली आहे.

मुरमावर चालवायची रीत वेगळी आहे, ती अंबाझरीतच चुकत शिकले. वळणावर पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक निघून जातं, वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. हँडल आवळून धरलं की प्रत्येक खडा मनगटात येतो. कोपर मोकळं, मूठ सैल, आणि चाक थोडं इकडेतिकडे सरकलं तर सरकू द्यायचं. ज्या हाताने भीतीपोटी ब्रेक आवळले होते त्याला मूठ सैल सोडायला सांगणं मला सोपं गेलं नाही. मी तोंडाने मोठ्याने म्हणायचे, "सोड, सोड." आजूबाजूला ऐकायला कोणी नसायचं.

डिसेंबरपर्यंत उद्यानातले सगळे फाटे पाठ झाले. मला लांब जायचं होतं.

माझी मोठी मावसबहीण मौद्याजवळच्या एका गावात दिलेली आहे. भाऊजींची धानाची शेती. फोनवर मी विचारलं, तुमच्याकडे गाडी येत नाही असा रस्ता आहे का. ते म्हणाले, "गाडी येत नाई असा रस्ता? नहरावर ये नं. कितीबी चालव."

नहर म्हणजे पेंच प्रकल्पाचा कालवा. आम्ही लहानपणापासून तो फक्त पुलावरून, बसच्या खिडकीतून पाहिलेला. त्याच्या काठाने पाटबंधाऱ्याच्या लोकांना देखरेखीसाठी फिरता यावं म्हणून मुरमाचा रस्ता असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. भाऊजींनी आधी चौकीदाराला विचारून घेतलं. चौकीदार म्हणाला, जाऊ द्या, पण पाणी सोडलं असेल त्या दिवशी काठाला उतरू नका, सिमेंटचा उतार शेवाळलेला असतो, गेलेला माणूस वर येत नाही. ही सूचना मी प्रत्येकाला सांगते. कालव्याचं पाणी संथ दिसतं, पण धरायला काठावर काही नसतं.

भल्या पहाटे कारमागे सायकल बांधून आम्ही निघालो. सात वाजता मी कालव्यावर होते. थंडी इतकी की बोटं ब्रेकवर वळत नव्हती. पाण्यावरून वाफ निघत होती. उजवीकडे कालवा, डावीकडे दहा-बारा फूट खाली कापलेल्या धानाची शेतं, आणि समोर रस्ता. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी गिअर एकदाही बदलला नाही.

तिथे मी थांबले आणि पाण्याकडे पाहत राहिले. प्लास्टरमध्ये असताना जे वाचलं होतं ते इथे डोळ्यांसमोर होतं. आगगाडीला चढ चालत नाही, पाण्याला तर अजिबात चालत नाही. कालवा किलोमीटरभरात वीत-दोन वीत उतरतो, तेवढाच. म्हणून तो टेकडीला वळसा घालतो, नाल्यावरून पुलासारखा जातो, खोलगट भागात भरावावर चढतो. मी परदेशातल्या जुन्या रेल्वेमार्गांचे फोटो पाहून हळहळत होते आणि त्याहूनही सपाट जमीन माझ्या मावसबहिणीच्या घरामागे होती.

त्या सकाळी मी चोवीस किलोमीटर चालवले. वाटेत तीन ट्रॅक्टर आणि धानाच्या तणसाची एक बैलगाडी भेटली. प्रत्येक वेळी मी उतरून, सायकल कडेला घेऊन उभी राहिले. भाऊजींनी सांगितलं होतं, "तो रस्ता लोकाइच्या कामाचा आहे. तू फिराले आली, ते पोट भराले चालले." बैलगाडीवाल्या आजोबांनी विचारलं, "कोन्या गावची हौ बाई?" मी सांगितलं, नागपूरची. "सायकलनंच आली का बाप्पा तिथून?" मी म्हटलं, नाही, इथपर्यंत कारने आणली. त्यांनी मान हलवली आणि बैलांना हाक दिली.

तिथून पुढे पांदण रस्तेही शोधले. दोन शेतांमधून जाणारी, बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांची पांदण हिवाळ्यात टणक असते, सायकलला सुरेख. पण काळ्या मातीचा भरवसा धरू नये. जानेवारीत एका रात्री अवकाळी पाऊस झाला आणि सकाळी मी एका पांदणीत शिरले. पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबलं. माती टायरला, फोर्कला, ब्रेकला थापून बसली, कालवलेल्या उडदाच्या पिठासारखी. सायकल खांद्यावर घेऊन परत आले, आणि तिचं वजन दुप्पट झालं होतं. मुरमावरून त्याच पावसात आरामात जाता आलं असतं. तेव्हापासून पाऊस झाला की तीन दिवस मी फक्त मुरमावर जाते.

रामटेकजवळ खिंडसीलाही एकदा गेले. तलाव देखणा, पण रविवारी बोटिंगची गर्दी आणि काठापर्यंत गाड्या. परत गेले नाही.

आता रेल्वेचं सांगते, कारण मनातून मला खरं तिथेच जायचं होतं.

माझं आजोळ भिवापूर. नागपूरच्या इतवारी स्टेशनहून नागभीडला जाणारी छोटी गाडी १९०८ साली सुरू झाली, तिनेच आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे जायचो. डब्यात समोरच्या बाकावरच्या माणसाच्या गुडघ्याला गुडघा लागायचा. परतताना मिरचीची पोती चढायची, आणि उमरेड येईपर्यंत अख्खा डबा शिंकत असायचा. भिवापुरी मिरचीचा तो वास अजूनही आला की मला खिडकीचे लाकडी गज आठवतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही गाडी बंद झाली, मार्ग ब्रॉडगेज करायचा म्हणून.

कडबी चौकातल्या नॅरोगेज संग्रहालयात मी मुद्दाम सायकल घेऊन गेले, कुलूप लावून बाहेर ठेवली. आत जुन्या गाड्या उभ्या आहेत, थोडे रूळही आहेत. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. माझ्या सायकलचं हँडल ६२ सेंटिमीटर आहे. म्हणजे मी त्या दोन रुळांमधून सायकल नेली असती तर दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार बोटं उरली असती. एवढ्याशा रुंदीवरून आमचं सगळं आजोळ, मिरच्या, लग्नाची वऱ्हाडं ये-जा करत होती.

माझ्या डोक्यात तेव्हा एक चित्र तयार होतं. नागभीडपर्यंतचा १०६ किलोमीटरचा मार्ग, रूळ उचललेले, इतवारीहून निघून भिवापूरपर्यंत मुरमाची वाट. फेब्रुवारीत, पडल्याला बरोबर वर्ष झालं त्या आठवड्यात, मी याच मार्गावरच्या कुहीला गेले. स्टेशनच्या बाजूला सायकल टेकवून उभी होते तर एक वयस्क गृहस्थ आले. रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे होते, निवृत्त झालेले. भरावाकडे बोट दाखवून मी विचारलं, यावरून सायकल नेली तर चालेल का.

"नाई जी. रेल्वेची जागा आहे ते. काम चालू आहे, डंपर येतेत. अन् गिट्टीवरून जानार कशी तुमी?"

गिट्टी जवळून पाहिली. मुठीएवढे, धारदार कोनांचे काळे दगड. ते मुद्दाम तसे फोडलेले असतात, एकमेकांत अडकून रूळ जागेवर धरून ठेवावेत म्हणून. गोल गोटे असते तर सरकले असते. त्यांवर पाऊल ठेवलं तरी घोटा मुरगळतो, सायकलचं तर नावच नको. बाहेरच्या देशांत ही गिट्टी काढून किंवा दाबून वर बारीक चुरी घालतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात, तेव्हा तो सायकलचा रस्ता होतो. फोटोत हे काम दिसत नाही.

काकांनी मला चहा प्यायला नेलं. चहावाल्या मावशींना मी सहज विचारलं, गाडी बंद झाली त्याचं काय वाटतं. त्या कपबशी विसळता विसळता म्हणाल्या, "मी वांगे घेऊन इतवारीले जात होती. टोपली डब्यात ठेवली का झालं. आता बसमध्ये चढाले होत नाई, गुडघे गेले नं. मोठी गाडी येऊन राहिली म्हन्तेत, तिचीच वाट पाहून राहिली मी."

मी माझं चित्र त्यांना सांगितलं नाही. ज्या मार्गावर लोक गाडीची वाट पाहत आहेत तो सायकलीसाठी मागणं मला तिथे बसून योग्य वाटेना. ओटॅगोच्या लोकांनी रेल्वे सोडून दिली होती. कुहीने सोडलेली नाही. आपल्या विदर्भात जुन्या नॅरोगेजचे आणखीही मार्ग आहेत, मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि अचलपूर, पुलगाव ते आर्वी. तिथेही लोक गाडीच मागत आहेत. ती आली नाही, आणि त्या गावांनीच म्हटलं की आता वाट करा, तर पहिली चुरी टाकायला मी घमेलं घेऊन जाईन. तोवर कालव्याच्या काठाचे रस्ते आणि पांदणी आहेत, विचारून, बाजूला होत, त्यांवर चालवता येतं.

काकांनी निघताना एक पर्याय मात्र सांगितला. रेल्वेच्या हद्दीबाहेर, शेतांच्या कडेने एक बैलगाडीची वाट बराच वेळ मार्गाला समांतर जाते. मी तिने गेले. उजवीकडे भराव, मध्ये एक चर, डावीकडे तुरीची कापणी चाललेली. पळस फुलायला लागले होते, पानं सगळी गळलेली आणि काळ्या देठांवर केशरी रंग. नऊ किलोमीटर. एका ठिकाणी भरावाखालून जाणारी जुनी दगडी मोरी होती, घडीव दगडांची, चुन्याच्या सांध्यांची. तिच्यातून वाकून पलीकडे गेले, हात लावून पाहिला. आत थंड होतं. लहानपणी मी कितीदा तिच्यावरून गेले असेन आणि खालून कधी पाहिली नव्हती.

परतताना मागचं चाक बसलं. सराटे. विदर्भात मुरमावर सायकल चालवणाऱ्याने बाभळीच्या काट्याइतकंच यांना ओळखून असावं. जमिनीलगत पसरणारी वेल, पिवळं नाजूक फूल, आणि वाळल्यावर हरभऱ्याएवढं फळ. ते कसंही पडलं तरी त्याचा एक काटा वरच राहतो. ट्यूब बदलणं दहा मिनिटांचं काम, पण टायरच्या आत तुटून राहिलेलं काट्याचं टोक सापडलं नाही तर नवी ट्यूबही तिथेच फुटते. बोटाने चाचपलं तर बोटात जातं. यावर उपाय मला सक्करदऱ्याच्या काकांनीच शिकवला. वातीच्या कापसाचा बोळा टायरच्या आतून हळूहळू फिरवायचा. काटा जिथे असेल तिथे कापसाचा तंतू अडकून राहतो. मग चिमट्याने ओढायचा. मी फिल्मच्या जुन्या डबीत तो कापूस ठेवते.

शेताच्या धुऱ्यावर बसून मी बोळा फिरवला. एक तंतू अडकला, थोडं पुढे दुसरा. दोन्ही काढले, ट्यूब घातली, पंप मारला, गेज लावून पाहिलं: अडतीस. पुरेसं होतं.

कुहीला पोचायला शेवटचे अडीच किलोमीटर डांबरी रस्ता होता. मी उतरून चालत जायचं ठरवलं होतं. ऊन चढलं होतं, पाणी संपलं होतं. मी सायकलवर बसले आणि डाव्या कडेने निघाले. मागून एक ट्रक आला. आवाज वाढत गेला, अंगावरून वारा गेला, ट्रक पुढे निघून गेला. माझी मूठ सैल नव्हती, पण ब्रेक दाबलेला नव्हता.

संध्याकाळी घरी गॅलरीत पेपर पसरून मुलीने आणि मी दोन्ही टायर तपासले. वर रुतलेले पण आत न पोचलेले आणखी अकरा सराटे निघाले. तिने ते एका वाटीत मोजून ठेवले.